निसारभाईंचा डावा हात

निसारभाई गेल्याचं मला पाटोद्यात कळलं. धंदा बंद केलेल्या एका मंडपवाल्याचे जुने कर्णे घ्यायला मी गेलो होतो आणि आमची घासाघीस ऐन रंगात आली होती. तो उतरत नव्हता, मी चढत नव्हतो. तेवढ्यात शबानाचा फोन आला. शबाना म्हणजे निसारभाईंची एकुलती एक मुलगी, शिरूर कासारला शाळेत शिकवते. "चाचा, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी मंडपवाल्याला म्हणालो, "तू म्हणशील तो भाव," आणि गाडीत बसलो. समोरच्याच्या भावानं मी घेतलेला आयुष्यातला तो एकच माल...

आता त्यांचा चाळिसावाही होऊन गेला. मी चिडलोय, म्हणून हे लिहितोय. माजलगावात सध्या बोललं जातं की, निसारभाईंच्या शोकसभेत मी आरडाओरडा केला, मेलेल्या माणसाचा मान ठेवला नाही. आरडाओरडा केला, खरं आहे. कशासाठी केला ते मात्र मला कुणी विचारत नाही. म्हणून आपणहून सांगतो, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

निसारभाई पेटी दुरुस्त करायचे. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं, शाळा, तमाशाचे फड, कुणाचाही भाता फाटला, पट्टी अडकली किंवा सूर उतरला की पेटी त्यांच्या घरी यायची. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. माझं साऊंडचं दुकान त्याच रस्त्याला. मी मूळचा शिरूर कासारचा, आई-बाप ऊसतोडीला जायचे. सायकलीला एक कर्णा बांधून मी लग्नं केली आणि त्यातून हे दुकान उभं केलं. धंद्यात मला कुणी फसवलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो, ते पुण्याचा तो सौदा होईपर्यंत. तिथलं वाद्यांचं एक दुकान बंद होत होतं. लांबलचक, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे तीन पियानो मी पडत्या भावात उचलले. माजलगावात आणून वायर लावली, दिवा लागला, पट्टी दाबली. आवाज नाही. तिन्ही तसेच. गिऱ्हाईक यायचं, दाबून बघायचं आणि म्हणायचं, "शेठ, मुके हायत की बे हे!" दोन महिने मी बाजाराच्या हसण्याचा धनी झालो.

मग एके दिवशी निसारभाई आले. पट्टी दाबली, सोडली, पुन्हा हलकेच दाबली. पट्टीला खऱ्या पियानोसारखं वजन होतं, ते त्यांच्या बोटांना लगेच कळलं. म्हणाले, "शेठ, मुकं न्हाई हे. याचा गळा दुसरीकडं हाय."

"कुठं?"

"कम्प्युटरात."

मी म्हटलं, थट्टा करतोय म्हातारा. पण ते शबानाचा जुना लॅपटॉप घेऊन परत आले, वायर जोडली आणि दहा मिनिटं काहीतरी भरत बसले. मी म्हणालो, "निसारभाई, एवढ्यात चहाचं आधण येतं." ते म्हणाले, "सबर करा. अख्खा पियानो आत यायलाय, दार बारीक हाय." आणि मग त्यांनी एक पट्टी दाबली... दुकानात स्पीकर रोज वाजतात, पण असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. रस्त्यावर पोत्यांचा ट्रॅक्टर चालला होता, त्याचा ड्रायव्हर मान वळवून बघायला लागला.

त्यांनी मला समजावलं ते असं. परदेशात कुणीतरी एका मोठ्या, खऱ्याखुऱ्या पियानोसमोर माइक लावून बसलं. एकेक पट्टी घेतली आणि हळू, जरा जोरात, आणखी जोरात, अशी पुन्हा पुन्हा वाजवून प्रत्येक आवाज टिपून ठेवला. आपण इकडं बोट जसं दाबू, तसा त्यातला नेमका आवाज कम्प्युटर काढून देतो. मी लगेच म्हणालो, "मग ते फुकटात उतरवून देणारं पोरगं हाय आपल्या ओळखीचं." निसारभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी कुणाचा भाता चोरायला सांगितला. "एकेक पट्टी इतक्या बार वाजवून ठेवली त्या माणसानं, शेठ. मी पेटी सुरात लावतो, मला माहीत हाय ती मेहनत." त्यांनी ते सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं. माझ्याशी मात्र त्या मुक्या पियानोच्या भावावरून अडीच तास घासाघीस केली आणि वर एक स्टँड फुकट नेला. मला भेटलेला माझ्या तोडीचा तो एकच माणूस.

त्यांना त्यावर काय वाजवायचं होतं? त्यांची आई गावोगाव बांगड्या भरत फिरायची. बाया हात पुढं करून बसल्या की ती गाणी म्हणायची, बायाही म्हणायच्या. बांगडी मनगटावरून जाताना दुखू नये म्हणून. ती गाणी आता कुणी म्हणत नाही. अकरा चाली निसारभाईंना पाठ होत्या आणि त्या त्यांना पियानोवर ठेवून जायच्या होत्या. मी विचारलं, "पेटीवर कावून न्हाई?" तर म्हणाले, "पेटीला काकणाचा आवाज येत न्हाई, शेठ. याला येतो." खरंच होतं. वरच्या पट्ट्या हलक्या हातानं वाजवल्या की काच काचेला लागल्यासारखं व्हायचं.

दुपारी तीनच्या पुढं ते रेकॉर्डिंगला बसायचे. त्या वेळी मोंढ्यात हमालांचा कालवा, गाड्यांचे हॉर्न, बाहेर भाजीवाल्याचा भोंगा. पण यात माइकच नसतो, पट्टीचा हिशेब वायरनं थेट आत जातो. त्यामुळं एवढ्या गदारोळात बसून त्यांनी अशी शांत रेकॉर्डिंगं केली, की ऐकणाऱ्याला वाटावं माणूस डोंगरावर एकटा बसलाय. पायाचं पेडल फरशीवरून सटकायचं, म्हणून त्यांनी ते जेवायच्या पाटाला स्क्रूनं आवळलं होतं. त्यांची बायको, आमच्या भाभी, वारेपर्यंत त्या पाटासाठी भांडत होत्या.

आता मुद्द्याचं. त्यांचा डावा हात मागं पडायचा. उजवा सूर वाजायचा आणि डाव्याचा किंचित उशिरा यायचा. आधी मला वाटलं लॅपटॉपचा दोष. जुन्या मशीनवर बोट दाबल्यापासून आवाज यायला वेळ लागतो, त्यासाठी वेगळा डबा मिळतो; तो मीच त्यांना विकला. उजवा हात लगेच ताळ्यावर आला. डावा तिथंच! तेव्हा मी, साऊंडवाला म्हणून अक्कल पाजळली. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक सूर पडद्यावर बारीक पट्टीसारखा दिसतो, आणि एक बटण दाबलं की सगळे सूर तालाच्या रेघेवर नीट उभे राहतात. मी ते दाबून दिलं. निसारभाईंनी पूर्ण चाल ऐकली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "चांगलं हाय. पण कोण वाजवायलंय हे?"

मी म्हणालो, "तुमीच."

"न्हाई शेठ. माझा डावा हात चाळीस वर्षं भात्यावर व्हता. त्यानं कधी सूर वाजवला न्हाई, निस्ती हवा दिली. उजवा काय बोलतो ते ऐकून मग तो हवा देतो. तो ऐकतोय म्हणून मागं हाय. तुमी त्याला बहिरा केला."

ते बटण त्यांनी परत फिरवलं आणि त्यानंतर मी त्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही.

ते गेल्यावर इथल्या एका सांस्कृतिक मंडळाला अचानक निसारभाई आठवले. जिवंतपणी "कम्प्युटरवर वाजवतो, त्यात काय कला" म्हणून ज्यांनी त्यांना एकदाही मंचावर बसवलं नाही, त्यांनी शोकसभा ठेवली. शबानाकडून लॅपटॉप नेला. ती दुःखात होती, तिनं दिला. मला कुणी विचारलं नाही. स्पीकर लावायला तेवढं बोलावलं. हार झाला, भाषणं झाली आणि अध्यक्ष म्हणाले, आता आपण निसारभाईंचं वादन ऐकू. पहिली चाल सुरू झाली. डावा हात घड्याळासारखा, उजव्याच्या खांद्याला खांदा लावून चालला होता. एक सूर मागं नाही. एक हलका नाही, एक भारी नाही. काकणाचा आवाज तर कुठंच नाही. मी शबानाकडं बघितलं. ती हातातल्या रुमालाकडं बघत होती.

मी उठून माझ्याच अ‍ॅम्प्लिफायरची वायर ओढली. "हे निसारभाई न्हाईत!"

अध्यक्ष हात जोडत आले. "शेठ, खाली बसा. मयताची सभा हाय. आमी शहरातल्या स्टुडिओतून लई खर्च करून प्रोफेशनल करून आणलंय."

"मयत दुसऱ्यांदा मारायला खर्च केला म्हणा!"

हे वाक्य मी म्हणालो. ते मागं घ्यायला मला सांगितलं जातंय. घेणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मी शहरात त्या स्टुडिओवाल्याकडं गेलो. भांडायलाच गेलो होतो. पण तो बिचारा सरळ माणूस निघाला. "काका, वादकाचा डावा हात दर वेळी लेट होता. मला वाटलं सवय नसेल. चूक दुरुस्त केली." त्याचं काय चुकलं? त्याला भाता कुणी सांगितला होता? मी विचारलं, मूळ आहे का? तो म्हणाला, दहा चालींचं मूळ लॅपटॉपमध्ये तसंच आहे. अकराव्या चालीच्या मुळावरच मात्र दुरुस्त केलेलं सेव्ह झालं. म्हणजे दहा राहिल्या. आणि लॅपटॉप मंडळाच्या कपाटात, कुलपात, "स्मृतिदालनासाठी"!

मी अध्यक्षांकडं गेलो नाही. वाट बघितली. त्यांचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता आणि तालुक्यात एवढ्या ताकदीचे स्पीकर माझ्याशिवाय कुणाकडं नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ते दुकानात आले, चहा मागवला, भावाची गोष्ट काढली. मी म्हणालो, भाव नंतर. आधी लॅपटॉप शबानाच्या हातात.

"शेठ, मूळ ऐकून लोक हसतील. निसारभाईंचीच बदनामी हुईल."

"ज्याला हसायचं तो हसंल. तुमी त्यांना मंचावर बसवायला लाजलात, आता त्यांच्या हाताचीबी लाज वाटायलीय का?"

"तुमी धंद्यात भावना आणताय."

"मी धंदाच करायलोय, अध्यक्ष. माल एकच हाय आणि यात सूट न्हाई."

चहा गार झाला. दोन दिवसांनी लॅपटॉप शबानाकडं पोचला. पण तोपर्यंत ते सरळ केलेलं वादन मंडळानं फोनवरून गावभर पाठवलं होतं. आजही लोक मला ते ऐकवतात आणि म्हणतात, "काय वाजवायचे निसारभाई!" माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्यांच्या फोनमध्ये ते असेल त्यांना मी हात जोडून सांगतो, मला हात जोडायची सवय नाही तरी सांगतो, ते पुसून टाका. मूळ दहा चाली शबाना देईल, मागा तिच्याकडं.

गेल्या रविवारी ती माजलगावला आली आणि आम्ही दोघं निसारभाईंच्या खोलीत बसलो. लॅपटॉप जोडला, पाट जागेवर सरकवला. मूळ पहिली चाल लावली आणि काहीच वाजेना. मी म्हणालो, "बिघडवलं वाटतं बे त्यांनी!" शबाना म्हणाली, "चाचा, थांबा." आणि मग आतून एक दबका आवाज आला... धप. थोड्या वेळानं पुन्हा, धप. पेडल दाबलं की खऱ्या पियानोत तारांवरचे दट्टे उठतात, तो बारीक आवाजसुद्धा परदेशातल्या त्या माणसानं टिपून ठेवलाय. पेटीवाला वाजवायच्या आधी दोनदा भाता मारून हवा भरून घेतो. इथं भाता नाही, हवा नाही, तरी निसारभाईंच्या पायानं ते दोनदा केलं होतं. दहाही चालींच्या सुरुवातीला ते आहे. स्टुडिओवाल्यानं ती रिकामी जागा समजून कापली होती.

अकरावीला ते नाही. शबानानं तरीही अकरावी लावायच्या आधी आपल्या पायानं पाटावरचं पेडल दोनदा दाबलं, मगच चालू केली.