एका माणसापुरते वडे

बायको बंगलोरला गेली ती तीन महिन्यांसाठी. मुलीला बाळ झालं होतं, जावयाची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून आमच्या घरून कोणीतरी जाणं भागच होतं. वरठी स्टेशनवरून नागपूरपर्यंत मी सोबत गेलो आणि तिला पुढच्या गाडीत बसवून परत आलो. जाताना ती म्हणाली, "तीन महिने तं असेच निघून जाते. चिवडा डब्यात हाय. दूध उतू नका जाऊ देऊ."

तीन महिन्यांचे सहा झाले. मग मुलीची रजा संपली, मग पाळणाघरात बाळाला सारखा ताप येऊ लागला, मग आणखी काहीतरी. आता पावणेदोन वर्षं झाली.

मी जवाहरनगरला फॅक्टरीत आहे. नोकरीची दोनेक वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं क्वार्टर जुनं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. समोरच्या रांगेतली बरीच क्वार्टरं आता रिकामी आहेत. लोकांनी भंडाऱ्यात, नागपुरात घरं बांधली, ते तिकडून बसनं ये-जा करतात. संध्याकाळी मी दार उघडून बसलो तरी समोर बघायला कुलूपच असे.

पहिले काही महिने मी कसा जेवलो ते आठवलं की लाज वाटते. सकाळी चौकात तर्री-पोहा, दुपारी कॅन्टीन, संध्याकाळी परत येताना दोन आलूबोंडे कागदात बांधून. घरी भात लावायचा आणि त्यावर सकाळचंच काहीतरी ओतायचं. पोट भरत होतं. पण एक दिवस सेक्शनमध्ये टाकीचं एक झाकण, जे मी तीस वर्षं एका हातानं फिरवत आलो, ते हलेना. शेजारच्या माणसानं न बोलता येऊन फिरवून दिलं. त्याचं ते न बोलणं मला जास्त लागलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, माझा दंड दाबून बघितला आणि विचारलं, "काय जेवता?"

मी सांगितलं.

"म्हणजे भात आणि तेल. स्नायू उतरून राहिले तुमचे. डाळी खा, अंडी खा, मासे खा, दही खा. तळलेलं बंद."

"तळलेलं सोडून दुसरं गोड लागत नाही, डॉक्टर."

"मग गोड लागेल असं करायला शिका," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे मी फोनवर मुलीला सांगितलं आणि आठवड्याभरात कुरिअरवाला भलामोठा खोका घेऊन दारात उभा राहिला. एअर फ्रायर. "बाबा, यात तेल लागतच नाही, सगळं कुरकुरीत होतं," मुलगी म्हणाली. मी तो खोका टेबलावर ठेवला, आणि जवळजवळ महिनाभर त्याच्या बाजूला ताट ठेवून जेवलो. उघडावासा वाटला नाही. खोका उघडणं म्हणजे बायको इतक्यात येत नाही हे मान्य करणं, असं काहीतरी मनात होतं.

शेवटी तीच एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पोरीनं इतक्या हौसेनं पाठवला, अन् तुमी त्याच्यावर पेपर ठेवून राहिले."

त्या रविवारी मी खोका उघडला. काय करायचं याचा विचारच करावा लागला नाही. बरबटीचे वडे. आमच्या भागात आषाढात, अखाडीच्या सणाला घरोघरी होतात ते. बाहेर चवळी म्हणतात ती ही बरबटी. माझी आई करायची, मग बायको करू लागली, आणि सणाचीही वाट न पाहता, मी ड्युटीवरून दमून आलो की करायची. डाळच ती, म्हणजे डॉक्टरांचंही ऐकल्यासारखं होईल, असा माझा हिशोब.

बरबटी भिजवली, मिक्सरमध्ये टाकली. मिक्सर फिरेना म्हणून पाणी घातलं. तरी फिरेना म्हणून आणखी घातलं. वडे थापले ते जाळीच्या भोकांतून खाली गळाले आणि तळाशी चिकटून जळाले. स्वयंपाकघर धुरानं भरलं. पुढच्या रविवारी पीठ घट्ट ठेवलं, तेलाचा थेंब लावला नाही आणि वाट्टेल तेवढा वेळ ठेवले. ते इतके कडक झाले की मी एक वडा टेबलावर आपटला तर आवाज आला. बायकोला फोनवर दाखवला. ती खळखळून हसली. किती दिवसांनी तिला तसं हसताना बघितलं. तेवढ्यात बाळ रडलं आणि पडद्यावर छत दिसू लागलं. मी थोडा वेळ ते छत बघत बसलो, मग फोन ठेवला.

मला रीत शिकवली ती एका मासळीवाल्या बाईनं. माझ्याच वयाची, जवळच्या तलावाकाठच्या गावातली. तिच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळं टाकणारे. बुधवारी आणि रविवारी ती मोपेडच्या मागे जर्मनचं घमेलं बांधून कॉलनीत यायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तिच्याकडून रोहू घ्यायला लागलो होतो. ती दर वेळी विचारायची, "वैनी कधी येते, भाऊ?" आणि मी दर वेळी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात."

एकदा मी तिला सांगितलं की मासा मशीनमध्ये ठेवला तर नुसता उकडल्यासारखा होतो, मऊ.

"धुऊन तसाच ठेवता का?"

"हो."

"मंग कसा होईन कडक? वल्ला मासा कडाईत टाका का मशीनीत, थो पह्यले आपलं पाणीच सोडते. मीठ-हळद लावून ठेवा. पाणी सुटू द्या. मंग फडक्यानं चांगला पुसा, तांदळाचं पीठ लावा. अन् गर्दी नका करू. तुकड्याले तुकडा लागला का झालं."

तसं केलं. जाळी आधी रिकामीच तापवली, तुकड्यांवर बोटानं थोडं तेल फिरवलं, मध्ये एकदा उलटवले. पहिल्यांदा कड सोनेरी झाली आणि चावल्यावर आवाज आला. मग डोक्यात आलं की वड्यांचंही दुखणं हेच असणार, पाणी. बरबटी भिजवून चाळणीत चांगली निथळू दिली. पाण्याशिवाय, थांबत थांबत, जाडीभरडी वाटली. मूठभर अख्खी तशीच राहू दिली. लसूण, मिरची, जिरं आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. कांदा आणि मीठ अगदी शेवटी, कारण मीठ पडलं की कांदा पाणी सोडायला लागतो. वडे पातळ थापले, मध्ये भोक पाडलं, दोन्ही बाजूंनी तेलाचा हात. एका वेळी सहाच. सोबत ताकाची कढी केली.

त्या दिवशी जमले. अगदी कढईतल्यासारखे नाही, पण जमले. मी ताटात नीट मांडले आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. मग एक वडा तोडला. त्या रिकाम्या घरात त्याचा आवाज एवढा मोठा आला की मी चावायचा थांबलो. तीन खाल्ले. बाकीचे तिला दाखवायला ठेवले. दीड तासानं तिचा फोन आला, बाळाला डोस द्यायला नेलं होतं म्हणाली. तोवर वडे मऊ पडले होते. तरी दाखवले.

"छान दिसून राहिले," ती म्हणाली. "गरम असतानाच खायचे होते ना."

बुधवारी मी पुन्हा थोडी बरबटी वाटून दोन वडे केले आणि मासळीवालीला दिले. तिनं मोपेडवर बसल्या बसल्या खाल्ले. "कडक हाय," ती म्हणाली. "पर तेलाचा सवाद तेलालेच." मग घमेल्याची दोरी आवळत म्हणाली, "वैनीले करून घाला." त्या दिवशी तिनं वैनी कधी येते ते विचारलं नाही, आणि नंतरही कधी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी रजा टाकली आणि बंगलोरला गेलो. बॅगेत बरबटी होती, गावाकडचं तांदळाचं पीठ होतं. मुलीच्या घरी तसलंच मशीन, जरा मोठं.

बायको बदलली होती. बदलली म्हणजे तब्येत सुधारली होती. सकाळी बाळाला घेऊन ती खाली बागेत जायची, तिथं चार-पाच बायका तिची वाटच बघत असत. कोणी कानडी, कोणी तेलुगू, एक साताऱ्याकडची. भाजीवाल्याशी ती कानडीत भाव करत होती. जवाहरनगरला तीस वर्षांत तिला मी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी मागे पिशवी धरून उभा.

दुसऱ्या दिवशी मुलगी-जावई कामावर गेले होते, बाळ झोपलं होतं. मी पीठ वाटलं. ती मदतीला आली तर तिला टेबलाशी बसवलं. "तू बस. आज मी करतो."

पहिले सहा निघाले ते तिच्यापुढे ठेवले. ती हात लावेना. "तुमी घ्या ना पह्यले."

"गरम आहे तोवर खा."

तिनं एक तोडला. खाल्ला. दुसरा खाल्ला. मी दुसरी खेप लावून मशीनपाशी उभा होतो. ती हळूच म्हणाली, "मी गरम वडा कधी खाल्लाच नाही, तुमाले मालूम हाय का?"

मला वाटलं गंमत करते आहे.

"पह्यले तुमच्या मायले, मंग तुमाले, मंग पोरीले. माह्या वाट्याले यायचा तवा थंडा झाला राह्यचा. तुमी सेकंड शिफ्टले जायचे तवा तं मी एकटीच बसून खावो. समोरची बाई तिच्या घरात, मी माह्या घरात." ती चिडून बोलत नव्हती. कोणाचा तरी पत्ता सांगावा तसं सांगत होती.

मी आठवून बघितलं. तिचा कढईसमोरचा पाठमोरा पदर आठवला. झारा आठवला, माझं ताट आठवलं. ती स्वतः खाताना काही केल्या आठवेना. इतक्या वर्षांतलं तिचं एकही जेवण मला आठवेना. मशीनची घंटी वाजली तरी मी तसाच उभा होतो.

"काढा, जळतीन," ती म्हणाली.

काढले. तेही तिच्या ताटात वाढले. तिनं आणखी दोन खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

जेवण झाल्यावर आम्ही गॅलरीत बसलो. तेव्हा तिनं सांगून टाकलं. "मी आता तिकडे नाही येत. पोरगी म्हणते म्हणून नाही. मलेच इकडे करमते. तुमी रिटायर झाले का इकडे या."

"आपण भंडाऱ्यात घर बांधणार होतो ना?"

"कोणासाठी?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्यासाठी. मी भंडाऱ्याचा माणूस आहे. मला तलाव लागतो, धानाच्या बांधावरचा चिखल लागतो, मले-तुले म्हणणारी माणसं लागतात. हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण जिनं तीस वर्षं माझ्या बदलत्या ड्युट्यांभोवती आपला दिवस लावला, तिला ते सांगण्याची हिंमत झाली नाही. "बघू," एवढंच म्हणालो. बाळ उठलं आणि ती आत गेली.

पाच दिवसांनी मी परतलो. स्टेशनवर सोडायला ती आली नाही, बाळाला सर्दी होती. मला राग आला नाही. इतके महिने मला वाटत होतं की तिला माझ्यापासून तोडून तिकडे ठेवलं आहे. गाडीत बसल्यावर कळत गेलं की एकटं राहणं आमच्या घरात आधीपासून होतं. फक्त ते तिच्याकडे होतं, आता माझ्याकडे आलं आहे. हे कळल्यानं ते हलकं झालं असं मात्र नाही. क्वार्टरचं कुलूप काढलं, आत कोंदट वास होता, आणि मी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या.

आता माझं खाणं नीट आहे. सकाळी दोन उकडलेली अंडी, मोड आलेले मूग. बुधवार-रविवार मासे. कधी सोयाबीनच्या वड्या दह्यात मुरवून मशीनमध्ये लावतो, कधी पनीर, कधी हरभरे नुसते मीठ-मसाला लावून खडखडीत. वड्यांसाठी बरबटी एक मूठच भिजवतो, सहा होतात. डॉक्टर म्हणाले, दंड भरला. सेक्शनमधलं झाकण पुन्हा माझ्या हातानं फिरतं. हे कोणाला तरी सांगावं असं वाटतं, आणि संध्याकाळपर्यंत सांगायचं राहून जातं.

मागच्या आठवड्यात ऑफिसनं निवृत्तीचे कागद भरायला दिले. त्यात एक रकाना होता, निवृत्तीनंतरचा पत्ता. मी बाकी सगळा फॉर्म भरला आणि तो तेवढा सोडून कॅन्टीनला जाऊन आलो. परत आल्यावर क्लार्क म्हणाला, "भाऊ, हे काहून कोरं सोडलं? आजच पाठवायचे हायेत."

मी मुलीच्या इमारतीचं नाव लिहिलं, रस्ता लिहिला, बंगलोर लिहिलं. पिनकोड पाठ नव्हता. बाहेर व्हरांड्यात येऊन बायकोला फोन लावला.

"पिनकोड कायले पायजे?" तिनं विचारलं.

"फॉर्म भरून राहिलो. रिटायरमेंटचा."

पलीकडे कुकर वाजत होता. मग तिनं एकेक आकडा सांगितला, मी हातावर लिहून घेतला. पूर्ण झाल्यावर तिनं तो पुन्हा एकदा, अगदी सावकाश, पहिल्यापासून सांगितला.