रत्नाताईचा कठडा

चंद्रपूरच्या स्टँडवर मी पत्रकं वाटत होते. सिंदेवाहीच्या गाडीतून माझ्या थोरल्या बहिणीचे, रत्नाताईचे दीर उतरले. माझ्या हातातला गठ्ठा त्यांनी हळूच काढून बाकावर ठेवला आणि म्हणाले, "चाल बाई, घरी जाऊ." पुढचं मला विचारावं लागलं नाही...

ताईला ताप होता. खाटेवर टाकून आरोग्य केंद्रात नेलं, तर डॉक्टर नव्हते, गोळ्या संपलेल्या. खाट तशीच मोठ्या रस्त्याकडे निघाली आणि ताई वाटेतच गेली. मातीला आलेले काही जण म्हणाले, वरच्याची इच्छा. जिथे लाकडाचे ट्रक जंगलाच्या पोटापर्यंत पोचतात तिथे तापाच्या गोळ्या पोचत नाहीत, ही इच्छा वरच्याची नाही. ती कोणाची आहे ते आपल्याला ठाऊक आहे, आणि या लेखात मी ते गिळणार नाही.

आम्ही दोघी बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवर अक्षरं शिकलो. मी त्या अक्षरांतच राहिले. ताई लग्न करून जंगलकाठच्या गावात गेली. लेक झाला, आनंद. घरी सांभाळायला कोणी नसल्याने त्याला घेऊनच मोहफुलं, तेंदूपानं वेचू लागली. तिथल्या आया रांगतं लेकरू लुगड्याच्या पट्टीने झाडाला बांधतात, साप-विंचवाजवळ जाऊ नये म्हणून. ताईनेही बांधलं. उन्हाळा संपला तेव्हा आजीपाशी राहिलेली त्याच्या वयाची पोरं भिंत धरून उभी राहत होती. आनंद मात्र अंगणात थोडा रांगायचा आणि थांबायचा. पट्टी जिथे ताणली जायची, तेवढ्यावरच. आता पट्टी नव्हती, तरी.

"पाहाय वं सुमे," ताई म्हणाली, "दोरी याच्या डोक्यात जाऊन बसली."

मी रात्र व्हायच्या आत पत्रक लिहिलं. पानं वेचणाऱ्या बायांच्या लेकरांना पाळणाघर मिळालंच पाहिजे! ताईने ते वाचलं आणि हसली. "झकास हाय. पन यात शोषणच शोषण हाय वं. लेकरू रांगीन कुठी, ते नाई लिवलं." मग आम्ही लिहिलं: सावली हवी, झाडलेली जागा हवी, राखायला बाई हवी. ताईने ते तेंदूपानाच्या ठेकेदाराच्या मुन्शीला दिलं. त्याने त्यावर चहाचा कप ठेवला.

ताईने गावच्या सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला, उरल्यासुरल्या सागाच्या तुकड्यांचा. आनंदचे हात त्याला लागायच्या आत जंगलखात्याचा गार्ड आला. सागवान, लाकडाचा पास नाही, जप्त. दुसऱ्या दिवशी ताई आनंदला कडेवर घेऊन जंगलखात्याच्या नाक्यावर गेली, मागे मी. मी कायद्याची कलमं पाठ करून गेले होते. ताईने लेकरू नाक्याच्या थंड फरशीवर सोडलं.

"हे काय लावलं बाई? उचल त्याले," गार्ड म्हणाला.

"राहू द्या भाऊ. गाडा तुमच्यापाशी हाय, म्हनून पोरगं बी तुमच्यापाशीच शिकीन."

आनंद रांगला, थांबला. आम्ही तिघेही बघत राहिलो... मग तो पुढे सरकला. गार्डच्या टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला, ढुंगण वर केलं, लटपटला आणि उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

ताई डोळे पुसत म्हणाली, "तुमचं टेबल बी सागवानच हाय साहेब. त्याचा पास दाखवता काय?"

गार्डला हसू आवरलं नाही. गाडा मात्र त्याने दिला नाही. जप्तीचा माल वर गेला म्हणे. हसू खरं होतं आणि जप्तीही खरी होती, आणि मला त्या दोन्हींचा सारखाच राग येतो.

मग ताईने अंगणात बांबू रोवले आणि आनंदच्या छातीइतक्या उंचीवर आडवा बांबू बांधला, बाहेरच्या चुलीपासून घराच्या दारापर्यंत. तो कठडा धरून आनंद आडवा आडवा चालू लागला. दाराला गोणपाटाचा पडदा होता. त्याच्या मागे लपून ताई ओरडायची, "कुक!"

आधी वाटी पदराखाली ठेवली की आनंदच्या लेखी ती जगातूनच जायची. तो दुसरीकडे बघू लागायचा. एका दुपारी त्याने ताईचा पदर ओढला आणि वाटी बाहेर काढली. ताई ओरडली, "सुमे, याले समजलं वं! दिसत नाई म्हनून नाई, असं नाई!" एवढा आनंद तिला कुठल्या मोर्च्यातही झालेला मी पाहिला नाही. त्या दिवसापासून पडद्यामागे ती लपली की तो कठड्याने यायचा, पडदा ओढायचा आणि खदखदून हसायचा.

पोळ्यानंतर तिला ताप आला.

परवा तिच्या घरी गेले होते. येत्या हंगामात आनंदला राखायचं मी कबूल केलं आहे. त्याला पुन्हा कोणी झाडाला बांधणार नाही. अंगणातला कठडा तसाच आहे, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. आनंद चुलीपासून निघाला. आता तो मध्येच थांबत नाही. दारापाशी आला, गोणपाट बाजूला केलं, आत पाहिलं... सोडून दिलं. थोडा थांबला. पुन्हा बाजूला केलं.

रडला नाही. दिसत नाही म्हणून नाही असं नाही, हे तिनेच त्याला शिकवलंय. तो पडदा सोडत होता आणि पुन्हा ओढत होता, आणि मी, जिला प्रत्येक गोष्टीवर पत्रक लिहिता येतं, कठड्याला धरून उभी होते.