गेटावरचा भासरा

बडनेऱ्याहून नांदगाव खंडेश्वरकडे निघालं की डाव्या हाताला एक काटेरी तारेचं कुंपण लागतं आणि मग ते संपायचं नाव घेत नाही. आत दारूगोळ्याचा डेपो आहे. आसपासच्या गावांत त्याला कोणी डेपो म्हणत नाही, नुसतं 'तार' म्हणतात. अमक्याची बकरी तारेत गेली, तमक्याला तारेत काम लागलं. या तारेला एकच मोठं गेट, आणि त्या गेटावर देवमन.

देवमन आधी फौजेत होता. तिथून सुटल्यावर घरी बसून पेन्शन खाईल तर तो देवमन कसला! पुन्हा वर्दी चढवली आणि गेटावर झडतीला उभा राहिला. आत जाणाऱ्याकडची काडीपेटी, लायटर, बिडी, मोबाईल सगळं गेटावरच्या पत्र्याच्या पेटीत जमा करायचं. आत रस्ता सोडून पाऊल टाकायचं नाही, उगाच थांबायचं नाही, गोदामांकडे बोट दाखवायचं नाही. हे नियम त्याच्या जिभेवर इतके बसले होते की घरात जेवायला वाढलं तरी हा माणूस हुकूम सोडल्यासारखाच बोलतो, अशी त्याची बायको जाईबाई तक्रार करायची.

झडतीत हात नंतर, आधी त्याचा कान काम करायचा. खिशातली काडीपेटी माणूस चालला की खुळखुळते. तुम्हा-आम्हाला ती ऐकू येत नाही, देवमनला यायची. एकदा एका जाड ठेकेदारानं ती मोज्यात खुपसली होती. देवमन खुर्चीवरून न उठता म्हणाला, "डाव्या पायातली काढा, साहेब." ठेकेदार गोरामोरा झाला आणि गेटावर हशा पिकला. गावातला त्याचा जुना सोबती इनायतुल्ला, सायकल दुरुस्तीवाला, त्याला नेहमी छेडायचा, "काबे देवमन, तुह्या कानात सरकारनं मशीन बसवली का?"

पण हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हती, आणि देवमनला ते पुरतं ठाऊक होतं. डेपोत लागला त्या पहिल्याच दिवशी तिथल्या उस्तादानं त्याला मातीनं झाकलेली गोदामं लांबून दाखवली होती आणि सांगितलं होतं की इथे आग पोचली तर विझवायला कोणी उरणार नाही. गोदामांपासून सगळ्यात जवळची वस्ती कोणती? तर देवमनचीच, नवी टेंभळी. तिथून तार डोळ्यांनी दिसते. त्यामुळे दुसऱ्याच्या खिशात हात घालताना देवमनला जाईबाईची चूल दिसायची.

नवी टेंभळी म्हणायचं, कारण जुनी टेंभळी तारेच्या आत आहे. देवमन पाळण्यात होता तेव्हा सरकारनं जमीन घेतली, गाव उचलून बाहेर आणून ठेवलं. घरं पडली, विहीर बुजली. राहिला तो पंचशील झेंड्याचा चबुतरा, त्यामागचं निंबाचं झाड आणि पलीकडे मुसलमानांच्या कबरी. बुद्धपौर्णिमेला, वर्षातून एकदा, सकाळपासून दुपारपर्यंत गेट गावासाठी उघडायचं. बौद्ध मंडळी चबुतऱ्यावर वंदना घ्यायची, मुसलमान मंडळी कबरींवर फुलं टाकायची. "आमची शब-ए-बरात तुमच्या पौर्णिमेलेच येते बाप्पा," इनायतुल्ला म्हणायचा, "तारवाल्यायनं क्यालेंडरच बदललं." अट एकच होती. मेणबत्ती ठेवा, अगरबत्ती ठेवा, पण पेटवायची नाही. पोलिसांची नाही, कायद्याची नाही, देवमनच्या शब्दावरची ही अट होती. त्यानं हमी घेतली म्हणून साहेब लोक गेट उघडायचे.

मग एका वर्षी थंडीत देवमनचा धाकटा भाऊ श्याम गेला. शेतातून आला, पाणी मागितलं आणि पाणी येईतो संपला. माझी राख निंबाखाली टाका, असं तो नेहमी म्हणायचा. देवमननं साहेबाच्या हातापाया पडून तेवढी परवानगी मिळवली आणि राख एकट्यानं नेऊन टाकली. श्यामची बायको कौशल्या त्या दिवशी गेटाबाहेर उभी होती. तिला आत जाता आलं नाही. ती रडलीही नाही, आणि ते देवमनच्या मनात रुतून बसलं.

आता देवमन तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भासरा आणि भावसून एकमेकांशी बोलत नाहीत. ती समोर आली की पदर कपाळावर ओढते, तो तोंड फिरवतो. नाव घेणं तर दूरच. टेंभळीच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारे रिकामे केले, उपासतापास सोडले, पण भासऱ्याची अदब सोडायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. काही निरोप असेल तर मध्ये तिसरं माणूस लागायचं. एका अंगणात दोन घरं, आणि एवढ्या वर्षांत दोघांत एक शब्द नाही.

त्यानंतरचा उन्हाळा वाईट होता. तारेतल्या गवताचा लिलाव कुठल्याशा कागदावर अडकला आणि गवत कापायला कोणी आलंच नाही. एरवी पौर्णिमेपर्यंत आत जमीन दिसायची. त्या वर्षी कमरेएवढं पिवळं गवत उभं होतं, हात लावला तर मोडून पडेल असं. दिवसभर गरम वारा. देवमनला रात्री झोप लागेना. जाईबाईनं विचारलं तर म्हणाला, "यंदा नाईच उघडलं गेट तं बरं होईन."

नवीन आलेल्या साहेबाचंही तेच मत होतं. पण गेटाबाहेर राहिलेली कौशल्या देवमनच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, म्हणून त्यानं हमी घेतली आणि साहेब कसाबसा तयार झाला. निघताना त्यानं बजावलं की आत एक काडी जरी सापडली, तर हे गेट टेंभळीसाठी कायमचं बंद.

आदल्या संध्याकाळी देवमननं वस्तीत सगळ्यांना गोळा करून हे सांगितलं. लोक माना डोलावत होते. तेवढ्यात दाराआडून कौशल्याचा आवाज आला. "इनायतभाऊ, त्याइले इचारा, पेटवल्याबिगर मेणबत्ती कायची? मानूस गेला तं त्याच्यासाठी उजेड बी नाई करा का?"

देवमन भिंतीकडे पाहत म्हणाला, "इनायत, सांग तिले. पेटवाची नाई म्हनाव."

"बाई, आयकलं ना?" इनायतुल्लानं विचारलं. दाराआडून फक्त कडी लागल्याचा आवाज आला. देवमन घरी गेला.

सकाळी गेटावर टेंभळी लोटली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, हातात फुलं. बायकांची झडती घेणारी बेबीताई मात्र नव्हती. पहाटेच अकोल्याहून फोन आला, सासरा गेला म्हणून ती धावत गेली. साहेब घड्याळाकडे पाहत उभा होता. देवमननं तोड काढली. बायकांनी आपापली पिशवी टेबलावर स्वतःच उलटी करायची, तो पाहील. कोणाची पानसुपारी निघाली, कोणाची तंबाखू. इनायतुल्लाच्या खिशातून बिडीचं बंडल निघालं तेव्हा देवमननं ते मुद्दाम उंच धरून दाखवलं आणि इतक्या ताणातही लोक हसले.

मग कौशल्या आली. पदर नाकापर्यंत, पिशवी छातीशी. आणि देवमननं तोंड फिरवलं.

त्यानं ठरवून फिरवलं नाही. मान आपोआप वळली, जशी एवढी वर्षं वळत आली होती. शेजारच्या परमुलखातल्या जवानाला वाटलं, तपासणी झाली. त्यानं हात हलवून तिला सोडलं. ती देवमनच्या पाठीमागून गेली, आणि जाताना देवमनच्या कानानं ते ऐकलं. बारीक, कोरडं, खुळखुळ.

काडीपेटी. थांबवायची म्हणजे अख्ख्या गावासमोर नवरा गेलेल्या भावसुनेच्या पिशवीत हात घालायचा. साहेब तिथेच उभा, काडी निघाली की लोक इथूनच परत, गेट कायमचं बंद. देवमननं स्वतःची समजूत घातली. तिला सांगितलंय. ती पेटवणार नाही. श्यामजवळ बसेल, रडेल, येईल. माणूस अडचणीत सापडला की किती पटकन स्वतःशी खोटं बोलतो! मागचा माणूस पुढे सरकला, देवमन त्याचे खिसे चाचपू लागला. पण हात कुठे जातायत याचं त्याला भान नव्हतं.

शेवटचा माणूस आत गेला आणि देवमनला उभं राहवेना. "चक्कर मारून येतो," असं जवानाला सांगून तो निघाला. रस्ता तापला होता. दोन्ही बाजूंना गवत वाऱ्यानं आडवं होत होतं, उठत होतं. वारा गोदामांच्या दिशेनं होता. ते लक्षात आल्यावर तो जवळजवळ पळायलाच लागला.

चबुतऱ्यापाशी वंदना चालू होती. सगळे डोळे मिटून बसलेले. कौशल्या त्यांच्यात नव्हती. ती मागे होती, निंबाखाली, एकटी. समोर मातीत मेणबत्ती खोचलेली, हातात काडीपेटी.

देवमन चार हातांवर थांबला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला हाक मारली. "कौशल्या! काडी दे मले."

तिनं वर पाहिलं. पदर खाली आला होता, तो तिनं ओढला नाही. तिचा चेहरा त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच नीट पाहिला. केवढी म्हातारी झाली होती ती.

"तुमी तं तोंड फिरवलं," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी जा म्हनून राहिले. भावासाठी एवढं सोडून देल्लं म्हनून मनात तुमच्या पाया पडली मी."

त्यानं हात पुढे केला. तिनं काडीपेटी त्याच्या हातावर ठेवली. मेणबत्तीची वात पांढरीच होती, पेटलेली नव्हती. त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

"लागलीच नाई," ती म्हणाली. "एक काडी पेटवली, वाऱ्यानं इझली."

"मंग थे काडी कुठी हाय?"

"टाकली ना." तिनं मागे हात केला, गवताकडे.

वैशाखाच्या उन्हात जाळ दिसत नाही. गवत होतं तसंच पिवळं उभं होतं, फक्त त्याच्यावरची हवा जरा थरथरत होती. पण देवमनचा कान खोटं बोलत नव्हता. आतून कडकड आवाज येत होता, आणि तो सरकत होता.

तो जिवाच्या आकांतानं ओरडला. वंदना तुटली, बाया पोरांना कडेवर घेऊन गेटाकडे पळाल्या. भोंगा वाजला. निंबाचा फाटा मोडून देवमन गवतावर आपटत राहिला, इनायतुल्ला आपला सदरा काढून त्याच्या बाजूला उभा राहिला. आगीनं त्यांना कुठल्या कुठे मागे टाकलं. डेपोचे बंब आले. गोदामांभोवती नांगरून ठेवलेला मातीचा पट्टा होता, त्या पट्ट्यापाशी आग अडली. पट्ट्यापलीकडे काही पावलांवर पहिलं गोदाम. धूर बसला तेव्हा टेंभळीचं निंबाचं झाड कोळसा होऊन उभं होतं, आणि चबुतरा काळा पडला होता.

साहेबाचा आवाज शांत होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "इस औरत की तलाशी किसने ली?"

"किसीने नहीं ली, साहब," देवमन म्हणाला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. "मैं खड़ा था. मैंने नहीं ली."

"क्यों?"

"मैं इनका भासरा हूँ, साहब."

"वो क्या होता है?"

देवमननं सांगायला तोंड उघडलं. आजूबाजूला धूर, पलीकडे गोदामं, त्यापलीकडे टेंभळीची पत्र्याची छपरं. ज्या गोष्टीसाठी हे सगळं पणाला लागलं होतं ती सांगायला त्याला शब्दच सापडेना.

त्याची वर्दी उतरली, आणि गेट टेंभळीसाठी कायमचं बंद झालं. कौशल्याला दोन-तीनदा चौकशीला बोलावलं आणि सोडून दिलं. वस्तीनं मात्र दोघांनाही सोडलं नाही. कबरी गेल्या, चबुतरा गेला, ते यांच्यामुळे, असं लोक तोंडावर बोलायचे. देवमन ऐकून घ्यायचा. त्यात खोटं काही नव्हतंच.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला टेंभळी तारेबाहेर, बंद गेटासमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. इथे कोणी अडवत नव्हतं, इथे काही पेटवलं तरी चाललं असतं, पण कोणी काही पेटवलं नाही. आत निंबाचा काळा बुंधा दिसत होता, आणि गवत पुन्हा वाढलं होतं. कौशल्या मागून आली, छातीशी पिशवी धरून. लोक बाजूला झाले. देवमनची मान वळायला लागली होती. त्यानं ती वळू दिली नाही.

"कौशल्या, काडी हाय का?" त्यानं विचारलं.

ती थांबली. सगळ्या गावासमोर तिनं पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं आणि त्यानं वाकून आत हात घातला. पिशवीत एक मेणबत्ती होती, दुसरं काही नव्हतं.