मोजणीची घंटा

ओपलूसस गावात व्हर्डीन गिलरीच्या पार्लरात डोकं धुवायला गेलं की एक गोष्ट ठरलेली. दुपारी तुरुंगात कैद्यांच्या मोजणीची घंटा व्हायची वेळ झाली, की व्हर्डीन हातातलं सगळं टाकून उभी राहणार. गप्प. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत साबण जावो, नाहीतर गरम चिमट्यात केस जळोत. तिचा धाकटा भाऊ अल्साइड तिकडे तुरुंगात, दुसरी घंटा होईपर्यंत, तसाच उभा असायचा ना, म्हणून.

अल्साइडने सोळाव्या वर्षी, दुकान लुटताना, फॉन्टेनो नावाच्या दुकानदाराला गोळी घातली होती. शिक्षा झाली जन्मठेप, मरेपर्यंतची. आता त्याची दाढी पांढरी झाली. मधे कायदा बदलला, आणि पोरवयातल्या गुन्हेगारांना सुटका मंडळापुढे निदान सुटका मागता येऊ लागली.

अल्साइडच्या दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात पार्लरातच तालीम झाली. नेहमीच्या गिऱ्हाईक मिस ऑक्टाव्हिया डोक्याला रोलर लावून मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. "मिस्टर गिलरी," त्यांनी नाकातून आवाज काढला, "आम्ही तुम्हाला का सोडावं बरं?"

"अहो मिस ऑक्टाव्हिया, अध्यक्ष आहात की सर्दी झालेली म्हैस?" व्हर्डीन म्हणाली. सगळ्या खिदळल्या. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिने बसवलं, भावाला फोनवर घोकून घ्यायला लावलं. घंटेचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

सुनावणीच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर, तुरुंगातून व्हिडिओवर, अल्साइड दिसत होता. समोर मंडळाचे तिघे. एकानेही 'नाही' म्हटलं की संपलं. पलीकडच्या रांगेत फॉन्टेनोची विधवा, पर्स मांडीवर घट्ट धरून. मागच्या सुनावणीत तिच्या 'नको'नेच सगळं फिसकटलं होतं.

"त्या माणसाच्या बायकोबद्दल कधी विचार केलात?" अध्यक्षांनी विचारलं.

अल्साइडने तोंड उघडलं, आणि पडद्यातून घंटा घणघणली. तो ताडकन उभा राहिला. ओठ मिटलेले, नजर समोर.

"मिस्टर गिलरी? बसा!"

तो हलेना. मोजणीत बोललं की शिक्षा. शेजारचा पहारेकरी "तुला आज माफ आहे रे" म्हणत बाही ओढत होता, पण त्याच्या कानात काही शिरतच नव्हतं.

"हा आमचा अपमान समजायचा का?" अध्यक्षांचा चेहरा लाल झाला.

व्हर्डीनला बोलायची परवानगी नव्हती. बोललीस तर बाहेर काढू, असं आधीच बजावलं होतं. पण तिच्याही नकळत तीसुद्धा उभी होती. हात बाजूला, ओठ मिटलेले.

"बाई, तुम्ही कशाला उभ्या?"

व्हर्डीनची नजर पडद्यावरच. फॉन्टेनोची विधवा एकदा पडद्याकडे बघे, एकदा हिच्याकडे.

"मोजणी चाललीय त्यांची," ती अखेर म्हणाली. "माझा भाऊ तिथे पहारेकरी होता. पोर सोळाचं होतं तेव्हापासून हा असाच उठतोय?"

व्हर्डीनने होकारार्थी मान हलवली.

दुसरी घंटा झाली. अल्साइड बसला. घोकलेलं उत्तर पार विसरला होता.

"माफ करा, साहेब. बाईंचा विचार... रोज येतो. पण काय बोलावं, ते मला आजवर सुचलेलं नाही."

विधवेची पाळी आली. बराच वेळ ती पर्सचं बक्कल उघडत-मिटत राहिली.

"या खेपेला मला काही म्हणायचं नाही."

मंडळातला पहिला म्हणाला हो. दुसरी म्हणाली हो. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. व्हर्डीन अजून उभीच.

"हो."

तेव्हा कुठे ती खाली बसली.