अस्करच्या कॅम्पचा मालक

यादवरावांना माणसांचा राग फारसा यायचा नाही, किळस मात्र यायची. राग आला की माणूस भांडतो. यादवराव नुसते नाक मुरडून बाजूला व्हायचे. आणि सगळ्यांत जास्त नाक मुरडायचे ते सख्ख्या मेहुण्याकडे, उज्ज्वलकडे बघून.

नांदेडकडच्या एका सरकारी सूतगिरणीत ते वायरमन होते. गिरणी साहेबांनी तोट्यात घातली, पुढाऱ्यांनी विकली आणि पुढाऱ्यांच्याच जावयांनी घेतली. यंत्रं भंगारात गेली, जागेवर प्लॉट पडले. यादवराव बहरीनला आले. मागून बायको भागीरथा आली, उम्म अल हस्सम या वस्तीत भाड्याचा फ्लॅट मिळाला. पुढं एका चिनी कंपनीत ते इलेक्ट्रिकल फोरमन झाले. कंपनी चीन सरकारच्या मालकीची, काम बहरीन सरकारच्या घरकुलांचं.

"आमचा समाजवादी बाजार," चिनी मॅनेजर चहा पिता पिता सांगायचा. "मालक सरकार, पण टेंडर भरायचं सगळ्यांसारखं बाजारात." यादवरावांना ते पटायचं. नफा कमवा की, पण मालक कोण ते गड्यांना कळू द्या.

उज्ज्वलला व्हिसा यादवरावांनीच पाठवला होता. बघता बघता त्यानं स्वतःची फर्म काढली आणि यादवरावांच्या चिनी कंपनीचे कामगार अस्कर गावाजवळ ज्या कॅम्पात राहायचे, त्याच्या देखभालीचं कंत्राट मिळवलं. मग त्याला कंठ फुटला. बहरीनमधल्या मराठी लोकांच्या जयंतीच्या कार्यक्रमात तो माइक धरून म्हणाला, "सरकारनं धंद्यात पडूच नये! सरकारी नोकर म्हणजे आयतोबा!" समोर बसलेली सगळी पोस्टमन, लाइनमन, रेल्वेवाल्यांचीच पोरं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बापाच्या पगाराला हसायलेत बेशरम," यादवराव घरी येऊन भागीरथाला म्हणाले. "तुझा बाप एसटीत मेकॅनिक नसता तर हा आज बकऱ्या वळत असता."

"माझ्या बापाला मधी आणू नका," भागीरथा म्हणाली. पण भावाची बाजू तिनं घेतली नाही.

जुलैत, ऐन उकाड्यात, कॅम्पचे एसी बंद पडले. उज्ज्वलनं वर्षभर दुरुस्तीवर खर्चच केला नव्हता. माणसं गाद्या घेऊन भिंतीच्या सावलीला बसली. फराज नावाचा प्लास्टरवाला चक्कर येऊन पडला, त्याला ॲम्ब्युलन्सनं नेलं. यादवरावांनी उज्ज्वलला फोन लावला.

"दाजी, मी मीटिंगमधी आहे. पार्ट दुबईवरून यायलेत. इंशाल्ला होईल."

"माणसं मरायलीत, उज्ज्वल."

"मग मी काय करू? माझी मार्जिन बघा की." फोन कट झाला.

यादवराव मॅनेजरकडं गेले. तो म्हणाला, "कॅम्प कंत्राटदाराकडे आहे. आमचा संबंध नाही."

एवढा वेळ यादवरावांना वाटत होतं, निदान इथं कुणीतरी मालक सापडेल. त्यांनी मॅनेजरकडं पाहिलं, ते उज्ज्वलकडं पाहायचे तसंच.

"नफा मोजताना तुम्ही सरकार, आणि माणूस पडला की बाजार?" ते आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "ठीक आहे. या सगळ्यांना बसमध्ये भरतो आणि बहरीन सरकारच्या घरकुल खात्याच्या दारात उतरवतो. तिथं विचारतो, एक सरकार घर बांधतंय, दुसरं बांधून घेतंय, मग ही माणसं कुणाची?"

मॅनेजरचा चेहरा उतरला. खात्यापर्यंत बोभाटा गेला की चीनमधल्या वरिष्ठांपर्यंत जायला वेळ लागणार नव्हता. त्यानं दोन-तीन फोन केले आणि तयार घरांच्या किल्ल्या टेबलावर सरकवल्या. ज्या घरांच्या फरशा बसवल्या होत्या, त्याच घरांत, गार हवेत, कामगार पहिल्यांदा झोपले.

महिनाभरात कंपनीनं कॅम्प स्वतःकडं घेतला. उज्ज्वलचं कंत्राट खलास. यादवरावांना बक्षीस एवढंच, की मॅनेजरनं त्यांचा ओव्हरटाइम बंद केला आणि चहाला बोलावणं सोडलं. यादवरावांनी त्याच्यावरही नाक मुरडलं. सरकारी असला म्हणून काही देव नव्हता तो. फक्त त्याची मानगूट धरायला जागा होती, एवढंच.

शुक्रवारी उज्ज्वल बर्फीचा डबा घेऊन घरी आला.

"दाजी, कॅम्प सुपरवायझरची जागा निघालीय. तुमचा शब्द टाका. कसंय, सरकारी कंपनी म्हटलं की जिवाला घोर राहत नाही."

भागीरथा चहा आणत होती, ती दारातच थांबली.

"आयतोबा व्हायचंय का तुला?" यादवरावांनी विचारलं.

उज्ज्वल हसला. लाज वाटून नव्हे, विनोद समजून. "भाषणात बोलावं लागतंय हो दाजी. लोकांना आवडतं."

यादवरावांनी शब्द टाकला नाही. उज्ज्वलचं काही अडलं नाही. त्यानं मॅनेजरच्या ड्रायव्हरला धरलं आणि जागा मिळवली. आता तो कंपनीचं आयकार्ड गळ्यात घालून कॅम्पभर फिरतो. एसी मात्र चालू असतात, कारण बरा होऊन परतलेला फराज आणि त्याच्या खोलीतली माणसं एखादा बंद पडला की उज्ज्वलला विचारतच नाहीत. सरळ मॅनेजरच्या केबिनच्या दारात जाऊन बसतात.