दोन पितळी चकत्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तोंडाने मला जमणारही नाही — चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं अक्षर याला पुरेल.

लोणावळ्यात एका बंगल्यावर मी कामाला होते. मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. साहेब निवृत्त, एकटे. त्यांना लहान विमानं करायचा नाद — लाकडाची, हातातल्या रेडिओच्या पेटीने उडवायची. आणीबाणीच्या आदल्या थंडीत त्यांच्या भावाने परदेशातून विजेची मोटर आणली. लिंबाएवढी, बॅटरीवर चालणारी.

ती विमानाच्या नाकात बसवायचं काम आबांचं. आबा वडिवळ्याचे सुतार, कामशेतहून गाडीने यायचे. बारीक स्क्रू धरायला ते मला हाक मारत. "ये गं हौसे, तुजी बोटं म्हंजी चिमटाच." मी लाजायची, पण जायची. वडील गेल्यावर तशी हाक मला दुसरं कोण मारत होतं?

त्या शनिवारी मी चुलीपाशी अडकले होते. आबांनी एकट्यानेच मोटर बसवली आणि गाडी गाठली. दुसऱ्या दिवशी साहेबांचे पाहुणे विमान बघायला येणार होते. संध्याकाळी मी खोली झाडायला गेले, तर — मोटर वाकडी. जरा खाली, जरा उजवीकडे बघणारी. डाव्या अंगाला, वरच्या स्क्रूखाली, मोटर आणि लाकूड यांच्यामध्ये दोन पितळी चकत्या होत्या. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर चुकली.

मी चकत्या काढल्या. स्क्रू पिळला. मोटर सरळ झाली.

आबांची पाहुण्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून केलं — असं मी स्वतःला सांगत आले. तसंच होतं का? मी रांगोळी दोऱ्याशिवाय सरळ काढायची, त्याचा मला ताठा होता. आपल्यालाही कळतं, असं वाटलं. आणि विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. चकत्या आबांना गुपचूप द्याव्यात म्हणून मी कनवटीला लावल्या.

सकाळी साहेबांनी घाईत नाकावर झाकण लावलं. आबा आले ते थेट माळावरच; त्यांना एकटं गाठताच आलं नाही. विमान सुटलं, नाक वर करून चढलं, डावीकडे कलंडलं आणि खडकावर आपटलं.

साहेबांनी झाकण काढून पाहिलं. मोटर मुद्दाम तिरकी बसवायची असते, नाहीतर तिच्याच ओढीने विमान कलंडतं — हे मला तिथे कळलं.

"आबा, चकत्या घालायच्या राहिल्या की."

"घातल्या व्हत्या सायेब. दोन."

"मग काय, विमानाआधी त्याच उडाल्या?"

पाहुणे हसले. आबा गुडघ्यांवर बसून गवतात चकत्या शोधू लागले. बराच वेळ शोधत होते. आणि मी — चकत्या कनवटीला घेऊन उभी.

परतताना वाटेत आबा थांबले. "हौसे, तू काल झाडाय गेलतीस न्हवं? चकत्या दिसल्या का गं तुला?"

तेव्हा सांगता आलं असतं. आसपास कुणी नव्हतं. आबा रागावलेही नसते. साहेबांना कळलं तर काम जाईल, खोली जाईल, एवढंच माझ्या डोक्यात.

"न्हाई आबा. न्हाई दिसल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग इसरलोच म्हनायचं."

चकत्या काढणं ही चूक होती. मी कबूल करते आहे ते आबांना दिलेलं उत्तर — ते चार शब्द.

साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं. पण आबा आता एकेक माप तीनदा घेत, आणि तरी मला विचारत, "हौसे, ह्ये केलं का गं म्या?" मी हो म्हणायची. दिवाळीपर्यंत त्यांनी हत्यारं पुतण्याला देऊन टाकली. "डोस्क्यावर इस्वास न्हाई ऱ्हायला," म्हणाले.

त्यानंतर आबा नऊ वर्षं जगले. कामशेत काही लांब नव्हतं.

आबा विसरले नव्हते. चकत्या दोन होत्या, डाव्या अंगाला, वरच्या स्क्रूखाली. त्यांनी घातल्या होत्या.