ग्रीसमधल्या अक्षता

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते. अशा बाईच्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर काय करावं? खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून पन्नास वर्षांची विलायती स्पोर्ट्स कार घेतली. बुटकी, लाल, वरून उघडी, आणि सीटा दोनच. "अहो, घरात माणसं तीन," मी म्हटलं. "आळीपाळीने बसू," हे म्हणाले. मी माझा नंबर आजतागायत लावलेला नाही.

गाडी आमच्या गिरगावातल्या चाळीच्या चौकात उभी असते. तिच्यात बसायला धजली ती आमची मुलगी. आठवडाभर लोअर परळच्या ऑफिसात वैतागलेली पोरगी रविवारी गाडी काढली की वेगळीच दिसते. यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी जुन्या गाड्यावाल्यांची लोणावळ्याला फेरी होती. हिने नाव दिलं. म्हणजे खंडाळ्याचा घाट! 

त्यात गाडीच्या मागून आवाज यायला लागला. क्लच सोडला की टक्. हे गाडीखाली आडवे झाले आणि निदान करूनच बाहेर आले: क्रॉस गेले. मला समजावून सांगितलं, तिथेच चुकले. इंजिनाची ताकद मागच्या प्रत्येक चाकाकडे नेणारा एक दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा सांधा, तो क्रॉस. क्रॉसच्या चारही टोकांवर एकेक लोखंडी टोपी, आणि टोपीच्या आत गोल उभ्या केलेल्या बारीक सुया, ग्रीसने चिकटवलेल्या. "आपल्या गाडीत हा दांडा नुसता चाक फिरवत नाही, चाकाला उभंही तोच धरतो," हे म्हणाले.

"आणि सांधा तुटला तर?"

"तर चाक आडवं." एवढं बोलून वर चहा मागितला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी दांडे काढले, नवे क्रॉस खोलले, टोप्यांमध्ये ग्रीस भरलं आणि सगळं वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलं. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, फक्त पूजा करायची, ही सासऱ्यांपासूनची पद्धत. ते गिरणीत फिटर होते. तेव्हा सकाळी मीच पाने, हातोडी, वस्तू आवळून धरायचा वाइस, सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. टोप्या तशाच उघड्या, वर तोंड करून. आणि मी डोळे मिटून, पोरीला घाटात सांभाळ रे देवा म्हणत, अक्षता टाकल्या. चिमूटभर कसल्या, भित्र्या माणसाच्या अक्षता मूठभर असतात.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी झेंडू बाजूला केला, वरवर दिसले ते दाणे फडक्याने टिपले आणि जोडणी सुरू केली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी गॅलरीतून बघत होते. मधेच हातोडीचे पाच-सहा जोरकस घाव ऐकू आले. संध्याकाळी गाडी सुरू झाली आणि टक् गेला होता. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी आपली पूजेचं तबक घासत होते. घासता घासता हात थांबला. ग्रीसमध्ये रुतलेला दाणा वरून दिसतो का?

झालं! तिथून माझा जीव टांगणीला. सांगावं तर सगळं पुन्हा खोलायचं, आणि "तुझं देवदेव" हे जन्मभर ऐकायचं. न सांगावं तर पोरगी घाटात. पानातला भात बघवेना. गाडी वळली की मला मागून कर्र ऐकू यायचं. विचारलं तर हे म्हणाले, "तुझे कान वाजतात." पण एरवी एक नट आवळला तरी चाळभर सांगत सुटणारा हा माणूस या वेळी गप्प होता. मला वाटलं, दमले असतील.

शुक्रवारी मुलगी म्हणाली, "शिवाजी पार्कपर्यंत एक चक्कर मारून येते. ट्रायल." मी तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर "पाण्याची बाटली घे." अजून स्वतःची लाज वाटते. ह्यांनी वरून ओरडून सांगितलं, "वळताना हळू गं!" गाडी शिकवताना तिला "दाब, दाब, घाबरतेस काय" म्हणणारा हाच माणूस! ती परत येईपर्यंत आम्ही दोघं गॅलरीत शेजारी उभे होतो. रस्त्यावर कुठे ब्रेक करकचला की मी कठडा आणखी घट्ट धरायचे. लाल बॉनेट फाटकातून आत आलं तेव्हा मी कठडा सोडला.

शनिवारी दुपारी मात्र राहवेना. चहाचा कप ह्यांच्यापुढे ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं, "अहो, त्या टोप्यांमध्ये माझ्या अक्षता गेल्या असतील." आणि ओरडा खायच्या तयारीने डोळे मिटले. पण हे ओरडले नाहीत. चहा तसाच टाकून उठले, पाने घेतले आणि खाली गेले. इतक्या निमूटपणे गेले, की मला आणखीच धडकी भरली.

मी टॉर्च धरून शेजारी बसले. एका बाजूचे दोन्ही क्रॉस खोलले. ग्रीस स्वच्छ, दाणा नाही. दुसऱ्या बाजूचा पहिला, तोही स्वच्छ. जीव भांड्यात पडतोय तोवर शेवटच्या क्रॉसची एक टोपी निघेना. वाइसमध्ये दाबून कशीबशी काढली. ह्यांनी बोटाने ग्रीस पुसलं. तांदूळ नव्हताच. तळाशी एक सुई आडवी पडली होती, मधोमध वाकलेली, आणि टोपीला केसाएवढी चीर गेली होती.

"ही बसताना अडली होती," हे मान खाली घालून म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, ठोकली की बसेल. मग उद्या खोलू, उद्या खोलू करत..."

"आणि काल तिला जाऊ दिलंत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मागे पिशवी वाजली. मुलगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. उद्याच्या प्रवासाचा खाऊ घेऊन आली होती.

"म्हणजे काल मी गेले," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा तुम्हा दोघांनाही माहीत होतं?"

ह्यांनी टोपी उगाच फडक्याने पुसली. 

तिने पिशवी खाली ठेवली, वर्तमानपत्रावर मांडी घातली आणि जादा आणलेला नवा क्रॉस जवळ ओढला. एकेक सुई स्वतःच्या बोटाने उभी केली. मोजल्या, पुन्हा मोजल्या. मी उजेड दाखवायला पुढे झाले, तर तिने टॉर्च माझ्या हातातून काढून घेतला आणि दातात धरला.